मणेरमामूंचे दोन रुपये

चेहऱ्यावरून माणूस ओळखणं हे आळशी लोकांचं काम आहे, असं ठाम मत असलेला एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवर तसा दुसरा झाला नसेल याची मला खात्री आहे. आमचे मणेरमामू माणूस हातावरून ओळखत. "चेहऱ्याचं काय खरं न्हाई, मास्तर," ते म्हणत. "लग्नात एक, मयतीत एक, आन् उमेदवार दारात आला की तिसराच. हात बिचारा एकच ऱ्हातो." त्यांचा धंदा बांगड्या भरण्याचा. कोल्हारच्या अलीकडे, नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनीही हेच केलं होतं. ग्रामपंचायतीसमोर त्यांचं एका बाकाएवढं दुकान होतं, पण दुकानात ते क्वचितच सापडत. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून घरोघर, वस्त्यावस्त्यांवर फिरत. ओसरीवर बसायचं, समोर आलेला हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबून तळवा मिटवायचा, आणि बाई सासऱ्याच्या दम्याविषयी सांगत असतानाच बारा बांगड्या मनगटात गेलेल्या असायच्या. माप विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यामुळे गावातल्या एकाही बाईला स्वतःच्या हाताचं माप ठाऊक नव्हतं. ते मामूंना ठाऊक होतं, मग आणखी कुणाला ठाऊक असण्याची गरज काय? बोलतानाही ते नावांऐवजी मापं घेत. "सव्वादोनची आत्या वारली." "दोन-सहाची सून माहेराहून आली का?" माझ्या बायकोला ते माझ्यासमोर 'अडीच' म्हणत आणि ती निमूट ओ देई. इतक्या थोडक्यात तिला हाक मारणं मला एवढ्या वर्षांच्या संसारात जमलेलं नाही.

मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीतलं वाचनालय तेव्हापासून सांभाळतो. मामू रोज सकाळी अकराला तिथं येत. त्यांनी एकही कादंबरी कधी घरी नेली नाही. त्यांचं पुस्तक एकच होतं, आमच्या गावाची मतदार यादी. दर फेरतपासणीनंतर ते नवी प्रत कुठून तरी मिळवत आणि माझ्या कपाटात कथासंग्रहांच्या शेजारी ठेवायला लावत. "याच्यासारखं पुस्तक न्हाई, मास्तर. समदी पात्रं वळखीची." मग चष्मा पुसून पान उघडत, आणि एखाद्या कडक समीक्षकानं वाचावं तसं वाचत. "हितं म्हातारीचं वय एकशेचार छापलंय. लाजंल की बिचारी." "ह्या पानावर बाईच्या नावापुढं नवरा म्हनून दीर लावलाय. घरात कळलं तर चूल इझंल." लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव यादीतून कमी झालं की ते त्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ बसत. "दोन-चारचा हात हुता. श्रीगोंद्याला गेला." आणि कुणाच्या नावावर 'मयत' असा शेरा आला, की त्या पानावर ते त्या दिवशी पुढं वाचत नसत. यादी मिटून समोरच्या भिंतीकडे बघत बसत. मी त्यांना एकदा म्हणालो, "मामू, तुम्ही यादी वाचता की पुराण?" तर म्हणाले, "पुरानात आपलं नाव नसतं, मास्तर. यात हाय."

निवडणूक लागली की मामू पोलिंग एजंट होत. पक्ष वगैरे गोष्टी आमच्याकडे वरच्या पातळीवर असतात. गावात असतं ते पॅनेल. वरच्या आळीचं एक, खालच्या आळीचं एक. दोन्हीकडची जाणती माणसं भावकी मोजून कागदावर आधीच निकाल काढून ठेवतात, या घरात अकरा, त्या वस्तीवर सतरा, आणि मतदान म्हणजे त्या कागदावर फक्त सही व्हायची असते, असा सगळ्यांचा समज असतो. मामू कायम हरणाऱ्या पॅनेलचे एजंट. कुठलं पॅनेल हरणार हे त्यांना आधीच कळायचं, आणि कळलं की ते त्याच पॅनेलकडे जाऊन एजंटाचा फॉर्म भरून यायचे. "जिंकनाऱ्याला एजंट लागत न्हाई, हार लागत्यात," हे त्यांचं कारण. मतदानाच्या दिवशी पहाटे ते नीळ दिलेला पांढरा सदरा आणि वडिलांचा काळा कोट घालून निघत, त्यावर भर डिसेंबरात अत्तर. मशीन नीट चालतं की नाही हे बघायला, खरं मतदान सुरू होण्याआधी एजंटांकडून थोडी चाचणी मतं टाकून घेतात आणि मोजून दाखवतात. त्या चाचणीत मामूंचं पॅनेल दर वेळी जिंके, कारण बाकीचे एजंट जांभया देत असताना मामू एकटेच हौसेनं बटण दाबत. दिवसभर ते ताठ बसत आणि संध्याकाळी हरून येताना मला सांगत, "सकाळी आमी लीडवर हुतो."

त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात दोन रुपये असत. आधी नोट होती, मग नाणं आलं. निवडणुकीच्या नियमात असं आहे, की समोर आलेला मतदार तो नव्हेच, दुसराच आहे, असा एजंटाला संशय आला, तर त्यानं दोन रुपये भरून आक्षेप घ्यावा. अधिकारी चौकशी करतो. आक्षेप खोटा निघाला तर दोन रुपये गेले. मामू प्रत्येक निवडणुकीला हे दोन रुपये घेऊन बसले आणि प्रत्येक निवडणुकीत ते परत घेऊन आले. संशय आला नाही असं नाही. एकदा तोंडावर पदर ओढून एक बाई आली. अधिकाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं, एजंटांनी आपापल्या यादीवर खुणा केल्या, बाईनं शाई लावायला बोट पुढं केलं, आणि मामूंनी नुसतं त्या हाताकडे बघितलं. ही यादीतली बाई नव्हती, तिची पाठची बहीण होती, देवळाली प्रवऱ्याहून आलेली. मामू जागचे उठले नाहीत. हळूच म्हणाले, "पोरी, हा हात मी देवळालीच्या बाजारात भरलाय. जा, घरी जाऊन ताईला लावून दे." पोरगी पदरातल्या पदरात हसली आणि गेली. दुपारी ताई आली. मी मामूंना विचारलं, की आक्षेप का नाही घेतला? नियमच आहे तसा. ते बराच वेळ यादीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चार मानसांत एखाद्याला 'तू, तू न्हाईस' म्हनायचं, मास्तर. दोन रुपये लई थोडे हायेत त्याला."

या विद्येनं त्यांना एकदाच दगा दिला. त्या निवडणुकीत एक बुरख्यातली बाई समोर आली, अधिकाऱ्यानं वाचलेलं नाव गोंगाटात मामूंना ऐकू आलं नाही, तिनं बोट पुढं केलं, आणि मामू चपापले. गावातला हात, आणि ओळखीचा नाही! ते पुढं वाकले, चष्मा वर केला, खिशाकडे हात गेला. "साहेब, थांबा जरा, हा हात आपल्या गावातला वाटत न्हाई." तेवढ्यात बुरख्यातून आवाज आला, "घरी या, मग वळख पटवते." त्या मामी होत्या. साऱ्या गावाला बांगड्या भरणाऱ्या मामूंनी लग्नाच्या दिवसानंतर बायकोचा हात मापानं कधी हातात घेतलाच नव्हता. ती बिचारी दुकानातल्या उरल्यासुरल्या स्वतःच चढवत होती. बूथवरचा पोलीससुद्धा भिंतीकडे तोंड करून हसला. दुसऱ्या दिवशी मामू वाचनालयात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि न विचारताच म्हणाले, "दोन-सहा हाय."

आता हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. हसण्यावारी न जाणारी एक गोष्ट त्यांच्याजवळ होती, ती म्हणजे बायकांची मतं. भावकीचा हिशेब करणाऱ्या माणसांना वाटायचं की घरात अकरा मतं म्हणजे कर्त्या पुरुषाची अकरा मतं. निकाल लागला की हिशेब चुकलेला असायचा, आणि मग कोण फुटला यावरून पुढं वर्षभर बोलणं बंद, बांध कोरणं, लग्नपत्रिका न देणं. बायका कुणाला मत देतात हे पुरुष विचारतच नसत, त्यामुळे त्यांना ते कळत नसे. मामूंना कळे. "बांगडी भरताना बाई खोटं बोलत न्हाई," ते मला म्हणाले होते. "हात माज्या हातात असतो. खोटं बोलली की मनगट आकसतं, बांगडी फुटती." दोन्ही पॅनेलचे पुढारी त्यांना चहा पाजून बघत, ईदला मुद्दाम घरी जात, अमक्या वॉर्डात बायकांचं काय चाललंय म्हणून विचारत. मामू शिरखुर्मा वाढत आणि पावसापाण्याचं बोलत.

वीसेक वर्षांमागची गोष्ट. वरच्या आळीत दोन सख्खे भाऊ एकत्र राहत. त्यांच्या पॅनेलचा उमेदवार थोडक्यात पडला आणि त्यांच्याच घरातली मतं फुटली असा बोभाटा झाला. थोरला धाकट्याला म्हणे तू फुटलास, धाकटा थोरल्याला. घरात चुली वेगळ्या झाल्या, मग विहिरीवरच्या पाळ्यांवरून एक दिवस पारासमोर दोघं एकमेकांच्या अंगावर धावले. थोरल्यानं कुदळ उचलली होती. मामू माळा खांद्यावर घेऊन तिथूनच चालले होते. ते मध्ये उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भांडू नगा. तुमच्या घरातली मतं मी फिरवली. बांगड्या भरताना बायांच्या कानात मी सांगितलं." मग दोघा भावांनी मिळून मामूंना ज्या शिव्या दिल्या, त्या त्यांच्या घरात बऱ्याच महिन्यांत एकत्र झालेलं पहिलं काम होतं. आठवड्याभरात चुली एक झाल्या. वर्षभर त्या घरानं मामूंना दारात उभं केलं नाही. पुढच्या संक्रांतीला धाकट्याच्या बायकोनं आपण होऊन निरोप पाठवला, आणि मामूंनी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, पाळण्यातल्या पोराला काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

खरं काय ते त्यांनी मला एकट्याला सांगितलं, वाचनालयात, दार लोटून घेऊन. दोघी जावांनी आपल्या मनानंच दुसऱ्या पॅनेलच्या बाईंना मत दिलं होतं. त्या बाईंनी ओढ्याकाठी बायकांसाठी संडास बांधायचं कबूल केलं होतं, एवढंच कारण. "मी कुटं सांगतो, मास्तर? त्याच सांगत्यात. मी नुस्तं आयकून घेतो."

"मग पारासमोर खोटं कशाला बोललात?"

"मंग काय करू? त्या दोघींचं नाव घिऊ? भाऊ भाऊ एकमेकाला मारत्यात, त्यापरीस दोघांनी मिळून मला शिव्या दिल्या. निदान एका आवाजात तरी दिल्या." आणि ते खो खो हसले. मीही हसलो. ते वाक्य आपण सांभाळून ठेवायला हवं, खरं काय ते कधीतरी कुणाला तरी सांगावं लागेल, असं मला तेव्हा वाटलं नाही.

जिल्ह्याचं नाव बदललं त्याच सुमारास गावातही पुष्कळ काही बदललं होतं. पॅनेलं तीच राहिली, पण आता भावकी मोजण्याआधी दुसरंच काही मोजलं जाऊ लागलं. मोबाईलवर एक मजकूर फिरला. त्यात मामूंचं नाव नव्हतं. बांगड्या भरताना आपल्या बायकांच्या कानात काय सांगितलं जातं, मतं कशी फिरवली जातात, हे ज्यानं स्वतःच्या तोंडानं पारासमोर कबूल केलं त्याला आपण घरात घेतो, असं काहीसं होतं. म्हणजे वाक्य मामूंचंच होतं. त्याच्या मागची कुदळ आणि पुढची एक झालेली चूल तेवढी गाळली होती. मग दर गुरुवारी एक टेम्पो येऊ लागला, भोंगा लावून, डब्यांत भरलेल्या, दाबून कुठल्याही मनगटाला बसणाऱ्या धातूच्या बांगड्या घेऊन. मामू माळा घेऊन निघत आणि दुपारी तशाच भरल्या माळा घेऊन परत येत. कुणी त्यांना वाईट बोललं नाही. "आज नको मामू, पाहुणे आहेत." "पुढच्या खेपेला या." एक म्हातारी, जिला ते चाळीस वर्षं बांगड्या भरत होते, त्यांच्याशी दारात उभी राहून चांगलं अर्धा तास बोलली, फक्त हात पदराखाली ठेवून. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, एखादं कोडं सुटत नाही तसा सूर होता. "तोंड वळखीचं हुतं, मास्तर. हातच दिसंना." माझ्या बायकोनं त्या श्रावणात त्यांना घरी बोलावलं आणि बारा हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. मी दाराची कडी आतून लावली होती. वाऱ्यानं दार वाजतं, असं मी तिला म्हणालो.

त्या डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. मामू नेहमीप्रमाणे हरणाऱ्या पॅनेलकडे गेले, पण या वेळी त्यांनीही मामूंना एजंट केलं नाही. "या वेळेला विश्रांती घ्या, मामू," असं म्हणाले. म्हणून मामू त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा नुसते मतदार म्हणून आले. तोच पांढरा सदरा, तोच काळा कोट, तेच अत्तर. रांगेत ते सगळ्यात पुढं होते, त्यांच्यामागं एक गडी, आणि तिसरा मी. बायकांची रांग शेजारीच होती. बाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या वाटायला अंगणवाडीच्या बाई बसल्या होत्या. आत टेबलामागं एजंट म्हणून बसला होता धाकट्या भावाचा मुलगा, पाळण्यात मनगट्या घातलेला तोच, आता विशीतला, शिकलेला, दिसायला गोड. मामूंचं नाव वाचलं गेलं आणि त्यानं दोन रुपयांचं नाणं टेबलावर ठेवलं.

"साहेब, आक्षेप. यादीत मनेर आहे, यांच्या आधारवर मणियार. माणूस तोच कशावरून?"

गावात मणियार कुणी म्हणत नाही; मी मणेर म्हणतो, बाकी सगळे मनेर. यादी करणाऱ्या कुण्या जुन्या कारकुनानं लोक म्हणतात तसं 'मनेर' लिहून घेतलं होतं, आणि मामूंनी दुसऱ्यांच्या ओळींतल्या शेकडो चुका मला दाखवल्या, ही एक कधी दाखवली नव्हती. त्यांना ती चूक वाटतच नसावी. अधिकारी श्रीगोंद्याकडचे होते, गावाला नवखे. त्यांनी नियमाप्रमाणे दोन्ही कागद बघितले आणि मान वर करून विचारलं, "गावातलं कुणी ओळखतं का यांना?"

चार एजंट होते. पोलीस होता. दाराशी मी होतो. बायकांच्या रांगेतली कुजबुज थांबली आणि कुणाच्या तरी बांगड्या एकदा वाजून गप्प झाल्या. माझ्या मनात त्या वेळी आलेले विचार मला आजही क्रमानं आठवतात. कागद आहेत, अधिकारी बघतील. माझ्यापेक्षा पुढं उभा असलेला बोलेल. वाचनालय ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे. आपण बोललो तर वीस वर्षांपूर्वीचं सगळंच बोलावं लागेल. एवढे विचार येईपर्यंत वेळ निघून गेली, आणि वेळ निघून जावी म्हणूनच ते आले होते, हे मला नंतर कळलं. मामूंनी मागं वळून बघितलं नाही. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, बोटं पसरून, बाई बांगड्यांसाठी ठेवते तसा. काचेनं चिरून चिरून पांढऱ्या रेषांनी भरलेला हात. अधिकाऱ्यांनी यादीतला फोटो बघितला, चेहरा बघितला, आणि म्हणाले, "तेच आहेत. आक्षेप फेटाळला." शाई लागली. मत दिलं गेलं. जाताना मामू त्या पोरापाशी थांबले आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "गेले की रे तुजं दोन रुपये. मी चाळीस वर्सं सांभाळलं आन् तू पयल्याच टायमाला घालवलंस."

दुसऱ्या दिवशी अकराला ते वाचनालयात आले. यादीची प्रत त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "ठिवा कपाटात. माजं वाचून झालं." मी काहीतरी बोलणार होतो. त्यांनीच विचारलं, "ते सायेब कुटले हुते?"

"श्रीगोंद्याकडचे."

"भला मानूस. बाहेरचा असून वळखलं त्यानं." मग ते चष्मा पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. "तुमी तिसरे हुता ना लायनीत? सदरा दिसला तुमचा."

मी हो म्हणालो.

"ऊन लई हुतं, मास्तर," मामू म्हणाले. "उनात मानसाचा जीव घाबरा हुतो. बोलाया सुदरत न्हाई."

डिसेंबरातली सकाळ होती. रांगेत लोक शाली पांघरून उभे होते.

त्यानंतर ते अकराला येत राहिले, पण वर्तमानपत्र वाचत. उन्हाळ्यात एका दुपारी दुकानातल्या बाकावर आडवे झाले आणि उठले नाहीत. दफनाला मी गेलो, धाकट्या भावाचा मुलगाही आला होता. तो शेवटपर्यंत भिंतीपाशी उभा होता. बोलला कुणाशीच नाही. मीही त्याच्याशी बोललो नाही. काय बोलायचं होतं ते माझ्याजवळ वीस वर्षं पडून होतं, आणि ते सांगायचा माणूस तो नव्हता, किंवा तोच होता, हे माझं अजून ठरलेलं नाही. श्रावण आला तसं गावातल्या बायकांना एक नवीच अडचण आली. टेम्पोवाल्याच्या धातूच्या बांगड्या सणाला चालत नव्हत्या म्हणून त्या कोल्हारच्या बाजारात काचेच्या घ्यायला गेल्या. दुकानदारानं विचारलं, "माप काय?" आणि त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणी घट्ट घेऊन आल्या, कुणी सैल. माझ्या बायकोच्या बारांतल्या आता सात उरल्या आहेत. भांडी घासताना ती त्या कोपरापर्यंत वर सारते.

मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या बाई यादीच्या कामासाठी वाचनालयात आल्या. मामूंचं नाव अजून यादीत आहे, ते कमी करायचं, आणि त्यासाठी त्याच यादीतल्या एखाद्या मतदाराचा अर्ज लागतो. मामींना सही जमत नाही, मुलगा बाहेरगावचा मतदार. "तुम्ही भरून देता का, सर?" मी कागद घेतला. वर छापलं होतं, की हा अर्ज म्हणजे यादीतल्या नावाविषयी आक्षेप आहे. मी तो शब्द दोनदा वाचला. मग नाव लिहिलं, यादीत आहे तसंच, मनेर. कारण लिहिलं, मृत्यू. सही केली. एवढं झाल्यावर मी संपूर्ण कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, पण मला जे लिहायचं होतं त्याला कुठंच रकाना नव्हता. म्हणून समासात लिहिलं, बारीक अक्षरात: मी यांना ओळखतो.

बाईंनी ते वाचलं. "सर, इथं काही लिहायचं नसतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, कागदाकडेच बघत, "मीपण तिथंच होते त्या दिवशी. बाहेरच्या टेबलावर."

त्यांनी ती ओळ खोडली नाही. कागदाची घडी घालायला हात खाली नेला तशा त्यांच्या हातातल्या कोल्हारहून आणलेल्या बांगड्या घसरून थेट पंजावर आल्या. त्यांनी त्या वर सारल्या. त्या पुन्हा खाली आल्या.

"सैल झाल्यात," त्या म्हणाल्या. "सर, मामू माझ्या हाताचं माप काय म्हणायचे, तुम्हांला आठवतं का?"

मला आठवत नव्हतं.